वणवा विझल्यावरही धूर असतोच : वाचकांचे प्रश्न

शिमगा जवळ आला की आमच्याकडे वणव्याची पत्रं यायला लागतात. यंदा ती घाटमाथ्यावरून आणि कोकणातून आली, गडचिरोलीतून आली, गोव्यातल्या सत्तरीतून आली आणि एक थेट लॉस एंजेलिसहून आलं. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ज्वाळा असतात. आम्ही मात्र उत्तरांत धूर, पाणी आणि राख यांवर जास्त जागा खर्च केली आहे. ऑस्ट्रेलियात २०१९-२०च्या उन्हाळ्यातल्या वणव्यांत थेट आगीने ३३ माणसं गेली. त्याच काळात पूर्व ऑस्ट्रेलियात निव्वळ धुरामुळे ४१७ जास्तीचे मृत्यू झाले असावेत, असा तिथल्या संशोधकांचा अंदाज आहे. उत्तरं सार्वजनिक आरोग्य, वनसंरक्षण आणि ग्रामीण पाणीपुरवठा या तीन क्षेत्रांतल्या मंडळींनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : आमचं गाव डोंगराच्या पायथ्याला आहे. दर फेब्रुवारी-मार्चमध्ये वरच्या रानाला आग लागते. ग्रामपंचायतीत विषय काढला की "वनखातं बघेल" म्हणतात. आग लागण्याआधी आरोग्यासाठी गावाने काय करून ठेवावं?
— ग्रामपंचायत सदस्य, पाटण तालुका

उत्तर : आधी वही घ्या, कोयता नंतर. धुराने गावातलं कोण आजारी पडेल हे आशाताईंना बहुतेक पाठ असतं. ते कागदावर आणा. दम्याचे आणि सीओपीडीचे (फुफ्फुसाच्या जुनाट आजाराचे) रुग्ण, हृदयविकाराचे, गरोदर बायका, पाच वर्षांखालची मुलं, अंथरुणाला खिळलेले म्हातारे, घरी ऑक्सिजनवर असलेले. प्रत्येक नावापुढे रोजची औषधं कोणती, घराचं छप्पर कशाचं आणि रात्री उचलून न्यायची वेळ आली तर गाडी कोणाची, एवढं लिहा. औषधं पंधरा दिवस पुरतील इतकी जानेवारीतच आणून ठेवायला सांगा. इन्हेलर हलवून "आहे अजून" म्हणायची सवय घातक आहे. औषध संपल्यावरही आतला वायू काही वेळ फवारत राहतो, रुग्णाला वाटतं डोस मिळाला. पंपावर उरलेल्या डोसांचा आकडा असेल तर तो वाचा, नसेल तर डब्यावर नवा पंप सुरू केल्याची तारीख लिहून मोजदाद ठेवा.

छपराचं का विचारायचं? कौलारू घर धुरापासून बंद करता येत नाही. कौलांच्या फटींतून, वाशांच्या टोकांतून हवा खेळते; एरवी तेच तिचं सुख असतं. म्हणून गावात स्लॅबची एखादी खोली आधीच ठरवून ठेवा. शाळेचा वर्ग चालेल, समाजमंदिर चालेल. खिडक्या नीट लागतात का बघा, फटींना चिकटपट्टी लावा, दाराच्या फटीत ओला टॉवेल. आत पिण्याचं पाणी, जवळ संडास. या खोलीत उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, विडी आणि फोडणी, चारही बंद. नाहीतर बाहेरचा धूर अडवून आतला धूर कोंडल्यासारखं होतं. झाडूही नको, ओल्या फडक्याने पुसा.

हवा शुद्ध करायचं यंत्र वर्गणीतून घेणार असाल तर खोक्यावर सीएडीआर, म्हणजे यंत्र किती स्वच्छ हवा देतं, हा आकडा शोधा. आपल्याकडे तो बहुधा ताशी घनमीटरमध्ये असतो. धुरासाठी ढोबळ हिशोब असा: खोलीचं क्षेत्रफळ चौरस फुटांत काढा आणि १.७ ने गुणा. १५० चौरस फुटांच्या खोलीला साधारण २५५, तर २० बाय २० फुटांच्या वर्गाला ६८०. एवढं मोठं यंत्र परवडत नसेल तर दोन लहान ठेवली तरी आकड्यांची बेरीज धरता येते. ओझोन सोडणारं यंत्र मात्र फुकट मिळालं तरी घेऊ नका. ओझोन फुफ्फुसाला स्वतःच त्रास देतो.

आता कोयता. घरं बरेचदा ज्वाळेने नाही, उडत आलेल्या ठिणगीने पेटतात, आणि ठिणगीला पेंढा किंवा पन्हळीत साचलेला पातेरा पुरतो. भिंतीपासून दीड मीटरपर्यंत काहीच जळण्यासारखं नको: सरपण नाही, शेणी नाहीत, गोणपाट नाही. दहा मीटरपर्यंत गवत कापलेलं. गवताची गंज त्याच्याही पलीकडे. कौलांवरचा पाला वर्षातून एकदा नाही, शिशिरात पानगळ चालू असेपर्यंत दर पंधरवड्याला काढावा लागतो.

आणि एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक गाव विसरतं: वरच्या झऱ्यावरून रानातून खाली येणारा काळा पाइप. वणव्यात तो वितळला की ऐन मार्चमध्ये गावाचं पाणी जातं. शक्य तिथे दीड फूट खोल गाडा. खडक असेल तर दोन्ही अंगांना दोन मीटर गवत साफ ठेवा. एखादा जोड आणि पाइपाचा तुकडा पंचायतीत शिल्लक असू द्या.

जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून आधीच जाळून ठेवायच्या पट्ट्या, काढायच्या त्या वनरक्षकांना सोबत घेऊन, थंडीत, सकाळचं दव असताना. परस्पर काडी लावू नका. राखीव वनात आग लावणं १९२७च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि "जाळरेषाच काढत होतो" असं सांगत हाताबाहेर गेलेल्या आगी कमी नाहीत. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडे मोबाइल नोंदवला तर उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश फुकट येतो. त्यावर विसंबू मात्र नका. उपग्रह दिवसातून मोजक्या वेळा वरून जातो आणि चांगल्यात चांगल्या चित्रातला एक ठिपकाही ३७५ मीटरचा असतो. टेकडीवरची नजर जास्त लवकर सांगते. वनविभागाचा हेल्पलाइन क्रमांक १९२६, रुग्णवाहिकेचा १०८. दोन्ही शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्या.

प्रश्न : काजूच्या बागेशेजारी वणवा लागला की सासूबाईंचा दमा उसळतो. आम्ही ओलं उपरणं तोंडाला बांधतो. करोनातले निळे मास्कही उरले आहेत. पुरेसं आहे का?
— गृहिणी, संगमेश्वर

उत्तर : नाही. ओल्या कापडाने मोठी राख अडते, घशाला गार वाटतं, त्यामुळे भरवसा बसतो. फुफ्फुसात खोल जातात ते कण मात्र अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, त्यातले बरेचसे एका मायक्रॉनपेक्षाही लहान. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे कापडाच्या विणीतून हे कण वेशीतून मुंगी जावी तसे जातात. निळ्या मास्कचं कापड बरं असतं, पण गालांच्या बाजूने तो उघडा. श्वास घेतला की हवा सोपी वाट धरते.

एन९५ किंवा एफएफपी२ घ्या. आपल्याकडच्या मास्कवर आयएस ९४७३ हा भारतीय मानकाचा क्रमांक बघा. डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असलेला मास्क कानात अडकवायच्या मास्कपेक्षा घट्ट बसतो. वरचा पट्टा टाळूच्या मागे, खालचा कानांच्या खालून मानेवर. दोन्ही पट्टे एकाच ठिकाणी घालतात, तिथेच बिघडतं. नाकावरची पट्टी एका हाताने चिमटू नका, दोन्ही हातांची बोटं मधून बाहेर दाबत न्या. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांवर किंवा गालांवर हवा लागली तर मास्क बसलेला नाही. दाढी असेल तर तो बसणारच नाही, कितीही महागाचा आणा. झडप असलेला मास्क करोनात नको म्हणत होते. धुरासाठी तो चालतो, कारण झडप फक्त बाहेर जाणाऱ्या श्वासाला वाट देते. धुऊन पुन्हा वापरायचा नाही. ओला झाला, मळला किंवा श्वास जड लागायला लागला की टाकायचा.

दोन वर्षांखालच्या बाळाला कोणताही मास्क नको, आणि मोठ्यांचा एन९५ लहान मुलाच्या तोंडावर बसत नाही. मुलांना धुरातून हलवणं हाच उपाय. सासूबाईंनाही मास्क म्हणजे घरापासून गाडीपर्यंतची सोय समजा. दम्याच्या माणसाला मास्कमधून श्वास घ्यायला जोर लागतो, त्यामुळे तासन् तास घालून बसवू नका.

आणि हेही सांगून ठेवतो: मास्क कार्बन मोनॉक्साइडसारखा वायू अडवत नाही. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, झोप आल्यासारखं झालं तर तिथून निघा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं म्हणून थांबू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजन चिकटलेलं रक्त यांतला फरक त्या साध्या यंत्राला कळत नाही.

प्रश्न : मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूच्या हंगामातही आगी लागतात. मार्च ते मे गावात धूर. पण ४४ अंशांत दारं-खिडक्या लावून कूलर बंद करून बसायचं तरी कसं?
— शिक्षिका, गडचिरोली जिल्हा

उत्तर : परदेशी सूचनापत्रकं जशीच्या तशी उतरवली की नेमका हा प्रश्न राहून जातो. कूलर बाहेरची हवा ओढूनच गार करतो. त्याच्या वाळ्याच्या किंवा लाकडाच्या भुशाच्या जाळीत राखेचे मोठे कण अडकतात, बारीक धूर सरळ घरात येतो. म्हणजे धुरात कूलर लावणं म्हणजे धूर आत बोलावणं. पण ४४ अंशांतलं बंद घर म्हाताऱ्या माणसाचा जीव एका दुपारीत घेऊ शकतं, आणि धूर सहसा इतका घाईत नसतो. दोन्ही समोर उभे असतील तर आधी उष्णतेपासून वाचा.

सुदैवाने दोघांच्या वेळा बऱ्याचदा वेगळ्या असतात. रात्री आणि पहाटे जमिनीलगतची हवा गार होऊन जड बसते, तिच्यावर गरम हवेचं झाकण पडतं आणि धूर खोलगट भागात साचतो. सकाळी सातला गावावर जे धुकं वाटतं ते नाकाने तपासा. जळकट वास असेल तर ते धुकं नाही. ऊन चढलं की जमीन तापते, हवा वर उठते आणि धूर उंच जाऊन पांगतो. म्हणून रात्रीच्या उत्तरार्धापासून सकाळी नऊ-दहापर्यंत खिडक्या बंद आणि कूलर बंद ठेवता येतो, कारण तेव्हा तो लागतोही कमी. दुपारी बाहेर धूर विरळ दिसत असेल तर कूलर सुरू करा. आग गावाच्या अगदी जवळ असेल तर हा हिशोब लागू नाही. तेव्हा दुपारच सगळ्यात वाईट. रुग्णांना दुसऱ्या गावी हलवा.

कूलर बंद असतानाच्या वेळात छताचा पंखा चालेल, पण खोलीचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की पंखा गरम हवा अंगावर मारतो आणि शरीर उलट तापतं. तेव्हा अंगावर ओलं सुती कापड, मानेवर-काखेत पाणी, आणि थोडं थोडं पिणं. कोणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग भट्टीसारखं तापलं, चालताना तोल गेला तर तो उष्माघात. अंगावर पाणी ओतत ओतत १०८ बोलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात सरबत घालू नका.

पाल्याचं म्हणाल तर मोहाच्या झाडाखाली जुनी जाळी किंवा साड्या अंथरून फुलं वेचता येतात. पाला झाडून बाजूला केला तरी तेवढंच काम होतं. वनव्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय होळीच्या आधी घ्या. नंतर घेतला तर तो पुढच्या वर्षासाठीच असतो.

प्रश्न : धुरात काम केल्यावर गूळ खाल्ला, वाफ घेतली की छाती साफ होते म्हणतात. खरं का?
— वाचक, भोर

उत्तर : गूळ पोटात जातो, धूर फुफ्फुसात. खा, ताकद येईल. वाफेने घसा मोकळा वाटतो इतकंच. धुराने आधीच आवळलेल्या दम्याच्या छातीला गरम वाफेने कधी कधी आणखी आवळ बसतो, शिवाय उकळतं भांडं कलंडून मुलं भाजतात.

प्रश्न : जानेवारी २०२५मध्ये ईटनची आग लागली तेव्हा आम्ही अल्टाडेनापासून काही मैलांवर होतो. ॲपवर हवा हिरवी दिसत होती आणि अंगणात राख होती. पुन्हा असं झालं तर? सासू-सासरे आमच्याकडे राहायला आले आहेत, ते पुण्यातल्या एक्यूआयशी (हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाशी) तुलना करून "इथे तर काहीच नाही" म्हणतात.
— वाचक, लॉस एंजेलिस परगणा

उत्तर : सासऱ्यांपासून सुरुवात करू. दोन्ही देशांचा एक्यूआय ० ते ५०० असला तरी पट्टी एक नाही. हवेत २४ तासांचं पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) घनमीटरला ५५ मायक्रोग्रॅम असेल तर भारतीय पट्टीवर आकडा येतो ९०च्या आसपास आणि शब्द येतो "समाधानकारक". तीच हवा अमेरिकी पट्टीवर १५०ला टेकते, म्हणजे दमेकरी, हृदयरोगी, म्हातारे आणि मुलांसाठी अपायकारक. फुफ्फुसाला मात्र पासपोर्ट नसतो. आकड्यांची तुलना करायची तर एक्यूआयची नको, थेट मायक्रोग्रॅमची करा.

आता हिरवं ॲप आणि अंगणातली राख. दोन्ही खरी असू शकतात. एक्यूआय बारीक कण आणि काही वायू मोजतो. वाऱ्याने उडणारी राख त्या मापापेक्षा बरीच मोठी असते, म्हणून ती आकड्यात येत नाही. शिवाय रानाच्या राखेत आणि घरांच्या राखेत फरक आहे. त्या जानेवारीत पॅलिसेड्स आणि ईटन या दोन आगींत मिळून १६ हजारांवर इमारती नष्ट झाल्या. जुन्या घरांत शिशाचा रंग, ॲस्बेस्टॉस, आर्सेनिक लावून टिकवलेलं लाकूड, तारा, गाड्यांच्या लिथियम बॅटऱ्या. ती राख मुलांच्या हातातून तोंडात जाता कामा नये. वारा सुटलेला असेल आणि राख दिसत असेल तर ॲप काहीही म्हणो, मुलांना बाहेर खेळायला सोडू नका. साफ करताना एन९५, हातमोजे, लांब बाह्या. आधी पाण्याचा हलका फवारा, मग पुसणं, वरून खाली. लीफ ब्लोअर आणि साधा व्हॅक्यूम दोन्ही नकोत, साध्या व्हॅक्यूमची पिशवी बारीक कण मागून बाहेर फेकते. चपला दाराबाहेर, ही सवय सासूबाई लावून देतीलच.

घरातल्या हवेसाठी स्वस्त उपाय तिकडे सहज जमतो. २० इंची चौकोनी पंखा आणि २० बाय २० इंचाच्या, दोन इंच जाडीच्या मर्व्ह १३ दर्जाच्या (बारीक कण अडवणाऱ्या) चार जाळ्या आणा. चार जाळ्यांच्या चार भिंती उभ्या करा. प्रत्येक जाळीच्या कडेवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो आतल्या बाजूला हवा. खाली पुठ्ठ्याचा तळ, वर पंखा, हवा वरच्या दिशेने बाहेर फेकणारा. सगळ्या सांध्यांना डक्ट टेप, आणि हे काम कंटाळून अर्धवट सोडू नका, कारण हवा फटच शोधते. पंख्याच्या तोंडावर पुठ्ठा लावून त्याला मधोमध साधारण १५ इंच व्यासाचं गोल भोक पाडा. चौकोनाच्या कोपऱ्यांतून हवा उलटी आत शिरते, ती यामुळे थांबते. पंखा २०१२ नंतरचा, तापला तर आपोआप बंद होणारा असावा. जुना पंखा झोपेत चालू ठेवू नका. जाळ्या करड्या-काळ्या झाल्या की बदला. दाट धुरात त्या काही आठवड्यांतच भरतात. घराची वातानुकूलन यंत्रणा बाहेरची हवा घेत असेल तर तो मार्ग बंद करून आतलीच हवा फिरवा, गाडीतही तसंच.

पाण्याबद्दल तुमच्या भागात जी सूचना निघते तिचे शब्द नीट वाचा. "उकळून प्या" आणि "पिऊ नका" या दोन वेगळ्या सूचना आहेत. त्या वेळी पॅसाडिना आणि अल्टाडेनाच्या काही भागांत दुसरी निघाली होती. कारण पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न : वणव्याने गावाचा प्लास्टिकचा पाइप वितळला आणि विहिरीत राख पडली. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून पाणी प्यायलं तर चालेल ना?
— जलसुरक्षक, सत्तरीलगतच्या दोडामार्ग तालुक्यातून

उत्तर : विहिरीचं आणि पाइपचं दुखणं निराळं आहे.

विहिरीपासून. राख अल्कधर्मी असते. त्यामुळे पाण्याचा पीएच चढतो आणि क्लोरीनची ताकद उतरते. शिवाय तरंगता पालापाचोळा क्लोरीन खाऊन टाकतो. म्हणून नेहमीचा डोस टाकून "टीसीएल केलं" असं वहीत लिहून उपयोग नाही. आधी वरची राख जाळीने किंवा कापडाने अलगद काढा. ढवळू नका. शक्य असेल तर एक उपसा द्या. पाणी गढूळ असेपर्यंत घरोघरी तुरटी फिरवून रात्रभर ठेवून वरचं पाणी घेतलेलं बरं.

मग डोस. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, ३.१४ ने गुणा, ४ ने भागा. आलेले घनमीटर, प्रत्येक घनमीटर म्हणजे हजार लिटर. हजार लिटरला ३३ टक्के क्लोरीन असलेली चांगली पावडर अडीच ग्रॅम. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर सुमारे १४ हजार लिटर, म्हणजे ३५ ग्रॅम. पावडर बादलीत थोड्या पाण्याने आधी लापशीसारखी कालवा, मग बादली पाऊण भरा, ढवळा, दहा मिनिटं स्थिर ठेवा. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता आणि खालचा चुना टाकून द्या. तो विहिरीत गेला की पाणी उगाच जड होतं. निवळ पाण्याची बादली दोराने विहिरीत सोडून वरखाली, कडेने फिरवा. एक तास थांबा. ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरीन उरलाय का बघायच्या चाचणीला) पिवळा रंग आला नाही तर तेवढाच डोस पुन्हा, पुन्हा एक तास, पुन्हा टेस्ट. राख पडलेल्या विहिरीला बहुधा दुसरा डोस लागतोच. गोणी गेल्या वर्षीची, तोंड उघडं ठेवलेली असेल तर तिच्यात नुसता चुना उरलेला असतो. तिच्यावर विश्वास नको.

आता पाइप. कॅलिफोर्नियात सांता रोझाला २०१७मध्ये आणि पॅराडाइजला २०१८मध्ये आग गेल्यावर नळाच्या पाण्यात बेंझिन सापडलं, म्हणजे कर्करोग घडवणारं रसायन. प्लास्टिक तापलं की असली रसायनं सुटतात. नळीतला दाब गेला की ती जळक्या टोकातून धूरही आत ओढते, आणि रसायन पाइपाच्या भिंतीत मुरून नंतर हळूहळू पाण्यात उतरत राहतं. टीसीएल जंतू मारतं. बेंझिनला त्याने काही होत नाही. उकळूनही भागत नाही, वाफेबरोबर ते स्वयंपाकघराच्या हवेत येतं आणि राखेतले धातू तर आटलेल्या पाण्यात आणखी दाट होतात. म्हणून वितळलेला, फुगलेला, काळा पडलेला सगळा भाग कापा, वर दोन्ही टोकांचा दिसायला चांगला असलेला मीटरभर पाइपही टाकून द्या. हे जोडाजोडीचं काम उरकताना "फक्त भोकाला रबर गुंडाळलं" असं होतं, ते चालणार नाही. नवा तुकडा बसवल्यावर पाइपलाइन बराच वेळ वाहू द्या. पाण्याला प्लास्टिकचा, पेट्रोलसारखा किंवा जळका वास येत असेल तर ते पिण्यास वापरू नका, टँकर किंवा दुसरी विहीर बघा आणि नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवताना "वणव्यानंतरचा, पाइप वितळलेला" असं स्पष्ट लिहा. तसं न सांगितलं तर फक्त जंतूंची तपासणी होऊन "पिण्यायोग्य" असा कागद परत येतो.

तुमच्या भागात आणखी एक. वळवाचा पहिला पाऊस डोंगरावरची सगळी राख ओढ्यात आणतो. झऱ्याचं किंवा ओढ्याचं तोंड त्या दिवशी बंद ठेवा, पाणी निवळल्यावरच टाकीत घ्या. पागोळीचं पाणी साठवत असाल तर पहिले दोन-तीन पाऊस सोडून द्या.

प्रश्न : आम्ही तरुण मंडळाची मुलं ओल्या फांद्या घेऊन आग झोडपायला जातो. मार्च २०२३मध्ये म्हादईच्या रानात नौदलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकत होती, आमच्याकडे तसलं काही नाही. भाजलं तर काय करायचं?
— वाचक, सत्तरी, गोवा

उत्तर : भाजू नये यासाठी आधी दोन ओळी. आग चढावर धावते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच सुकवून ठेवते. त्यामुळे आगीच्या वरच्या अंगाला कधीच उभं राहू नका. बगलेने जा, आणि पळायचं झालं तर आधीच जळून काळ्या पडलेल्या जमिनीवर पळा. दुपारनंतर समुद्राकडचा वारा सुटतो तेव्हा बगल क्षणात तोंड होते. एक जण फक्त वाऱ्याकडे बघायला ठेवा. अंगात जाड सुती कपडे आणि पायांत चामड्याचे बूट. नायलॉनची ट्रॅकपँट वितळून कातडीला चिकटते. दर तासाला पाऊण ते एक लिटर पाणी, तहान लागो न लागो.

भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं. घड्याळ लावून २०, दोन नव्हे. रानात नळ नसतो, म्हणून कॅनमधलं पाणी धारेने सोडत राहा. अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढा; सूज आली की निघत नाहीत. चिकटलेलं कापड ओढू नका, भोवतीने कापा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांपैकी काहीही नको. डॉक्टरांना ते सगळं खरवडून काढावं लागतं. स्वच्छ कापडाने सैल झाका. भाजलेल्या माणसाचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. त्याहून मोठी जखम, किंवा तोंड, हात, सांधे, गुप्तांग यांवरची कोणतीही जखम असेल तर रुग्णालयात. नाकातले केस जळलेत, आवाज बसलाय, थुंकीत काजळी आहे, तर बाहेरून काही दिसत नसलं तरी तातडीने. श्वासनलिका आतून सुजते आणि काही तासांत बंद होऊ शकते.

रानात बिब्ब्याची झाडं असतील तर त्यांच्या धुरापासून लांब राहा. बिब्बा अंगावर उतलेला ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. धुरातून तेच तेल डोळ्यांवर आणि तोंडावर येतं. आल्यावर साबणाने अंघोळ, कपडे वेगळे धुवा. आणि आग विझवून आल्यावर आठवड्याभरात जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी झाली तर "धूर बाधला" म्हणून घरी पडू नका. सत्तरी आणि सिंधुदुर्गात गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचा हंगाम आणि वणव्याचा हंगाम एकच. आरोग्य केंद्रात "रानात गेलो होतो" हे आधी सांगा.

प्रश्न : गोठ्यावरचे सिमेंटचे पत्रे जळून फुटले आहेत. कलमांवर राख बसली आहे. पत्रे कुठे टाकू? आंबा विकता येईल का?
— बागायतदार, राजापूर

उत्तर : जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. तापल्यावर ते फटाक्यासारखे फुटतात आणि तुटलेल्या कडांतून सुयांसारखे बारीक तंतू मोकळे होतात. ते श्वासातून गेले की अनेक वर्षांनी फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो. म्हणून हातोड्याने आणखी तुकडे करू नका, ओढत नेऊ नका, वाटेच्या भरावाला टाकू नका; आपल्याकडे नेमकं तेच करतात. पाण्याने चिंब भिजवा, एफएफपी३ किंवा पी१०० दर्जाचा मास्क लावून (या तंतूंना एन९५ पुरत नाही) तुकडे अलगद उचला, जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळा, ओळखीची खूण करा आणि उचलायची व्यवस्था तहसील किंवा पंचायतीकडे लेखी मागा. गुरं त्या राखेत चरू देऊ नका.

आंब्याचं सोपं आहे. रानाच्या, गवताच्या धुराची राख फळावर बसली असेल तर भरपूर पाण्याने धुऊन आंबा खाता आणि विकताही येतो. देठाच्या खोबणीत राख अडकते, तिथे मऊ ब्रश फिरवा. उष्णतेने एका अंगाने मऊ पडलेला आंबा पेटीत घालू नका. तो आतून शिजलेला असतो आणि शेजारचे चार नासवतो. गोठ्याजवळच्या कलमांचा माल मात्र वेगळा काढा. तिथली राख पत्र्यांची, प्लास्टिकची आणि औषधांच्या डब्यांची आहे. तसंच गोठ्यात ठेवलेली फवारणीची औषधं, गुरांची आणि माणसांची औषधं आच लागलेली असतील तर बाटली धड दिसली तरी वापरू नका.